मेंदूने कर्सर हलवायला शिकताना डोक्यात नेमकं काय बदलतं? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

ब्रेन-कॉम्प्युटर इंटरफेसची (बीसीआय) बातमी आली की सगळ्यांचं लक्ष मशीनकडे जातं, इलेक्ट्रोड किती, स्पीड किती, कंपनी कुठली. वापरणाऱ्याच्या मेंदूला त्यात काय काय करावं लागतं हे फार कमी जण सांगतात, आणि मला तर तोच भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. कारण हे यंत्र चालवणं हे एक कौशल्य आहे, ते शिकावं लागतं, आणि शिकणाऱ्याला वेळ आणि नीट शिकवणी मिळाली नाही तर कितीही भारी यंत्र असलं तरी अडतं. म्हणून लोक परत परत विचारतात ते प्रश्न इथे एकत्र घेतलेत.

बीसीआय म्हणजे काय, एकदा सोप्या भाषेत सांगा ना

मेंदूतले पेशी एकमेकांशी विजेच्या बारीक सिग्नलने बोलतात. ते सिग्नल पकडायचे, कॉम्प्युटरने त्याचा अर्थ लावायचा आणि त्यावरून कर्सर, रोबोटिक हात, व्हीलचेअर किंवा स्क्रीनवरची अक्षरं चालवायची, एवढंच. अर्थ लावणाऱ्या प्रोग्रामला डिकोडर म्हणतात, हा शब्द पुढे खूप वेळा येईल. सिग्नल पकडायचे मुख्य तीन मार्ग आहेत: डोक्यावर टोपी घालून (ईईजी, म्हणजे कवटीबाहेरून मेंदूतले विजेचे सिग्नल नोंदवणं), कवटीच्या आत मेंदूच्या पृष्ठभागावर पट्टी ठेवून, किंवा थेट मेंदूत बारीक सुयांचे इलेक्ट्रोड बसवून. जितकं आत जाल तितका सिग्नल स्वच्छ, पण ऑपरेशनचा धोका तितकाच जास्त.

माणसाचा ईईजी पहिल्यांदा १९२४ मध्ये जर्मनीत हान्स बर्गर यांनी घेतला आणि ‘ब्रेन-कॉम्प्युटर इंटरफेस’ हे नाव १९७३ मध्ये जॅक विडाल यांच्या लेखातून आलं, म्हणजे ही कल्पना पन्नासएक वर्षं जुनी आहे, कालपरवाची नाही.

पण मशीन विचार वाचतं ना? मग माणसाला शिकायचं काय उरतं?

विचार वाचत नाही. हा गैरसमज इतका पसरलाय की आधी तोच काढून टाकायला हवा. डिकोडरला मिळतात फक्त आकडे: हा न्यूरॉन (मेंदूतली पेशी) सेकंदाला किती वेळा पेटला, म्हणजे त्याने किती वेळा सिग्नल दिला, त्या जागेवरची लहर मोठी झाली की लहान. त्या आकड्यांवरून ‘उजवीकडे जायचंय’ असा अंदाज तो बांधतो. अंदाज बरोबर यायचा तर मेंदूकडून दरवेळी साधारण सारखा, ओळखू येईल असा सिग्नल यायला हवा, आणि तसा सिग्नल मुद्दाम काढणं हे आपण आयुष्यात कधी केलेलंच नसतं. हात उचलताना आपल्याला हाताची जाणीव असते, कुठला न्यूरॉन पेटला याची नसते. बीसीआयमध्ये हात मधून निघून जातो आणि न्यूरॉन थेट कर्सरला जोडले जातात, मग मेंदूला शोधायला लागतं की आपण आत नक्की काय केलं की बाहेर ते हलतं. हे शोधणं म्हणजेच शिकणं.

मेंदू असं काही शिकू शकतो हे पहिल्यांदा कधी कळलं?

१९६९ मध्ये, एबरहार्ड फेट्झ यांच्या प्रयोगात. त्यांनी माकडाच्या मोटर कॉर्टेक्समधला, म्हणजे हालचालींचं काम बघणाऱ्या भागातला एकच न्यूरॉन निवडला. तो जास्त वेगाने पेटला की माकडाला खाऊ मिळायचा, आणि न्यूरॉनचा वेग कळावा म्हणून समोर मीटरचा काटा हलायचा किंवा टिकटिक ऐकू यायची. काही सेशनमध्येच माकडं नव्याने सापडलेल्या न्यूरॉनचा वेगसुद्धा ५० ते ५०० टक्क्यांनी वाढवायला लागली.

बघा, यात मशीनने काहीच शिकलेलं नाही, तो मीटर पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत तसाच होता, शिकला तो फक्त मेंदू. फीडबॅक आणि बक्षीस या दोनच गोष्टींवर. आजच्या सगळ्या बीसीआयच्या मुळाशी हाच प्रयोग आहे असं मी मानते.

पहिल्या दिवशी माणूस नेमकं करतो काय?

टोपीवाल्या बीसीआयचं उदाहरण घेऊ, कारण बहुतेकांची सुरुवात त्यातूनच होते. डोक्याला टोपी, प्रत्येक इलेक्ट्रोडखाली थोडी जेल, मग हलायचं नाही, दात आवळायचे नाहीत. स्क्रीनवर अधिकचं चिन्ह येतं, मग डावीकडे किंवा उजवीकडे बाण. बाण उजवीकडे असेल तर उजवा हात हलतोय अशी कल्पना करायची, हात मात्र जागेवर ठेवून. काही सेकंद झाले की थांबायचं, परत चिन्ह, परत बाण, असं कितीतरी वेळा. सुरुवातीचा हा डेटा फक्त डिकोडर तयार करायला लागतो, त्यानंतर स्क्रीनवर एक पट्टी येते जी तुमच्या सिग्नलप्रमाणे डावी-उजवीकडे सरकते, आणि खरा खेळ इथून सुरू.

आत काय होतं तर हात शांत असताना मोटर कॉर्टेक्सवर साधारण ८ ते १२ हर्ट्झची एक लहर चालू असते, तिला म्यू लहर म्हणतात. हात हलवला, किंवा हलवायची नुसती कल्पना केली, तरी ती दबते. उजव्या हातासाठी मुख्यतः डाव्या बाजूला, डाव्यासाठी उजव्या बाजूला. डिकोडर हा फरक पकडतो.

इथे एक गोष्ट बऱ्याच जणांना कोणी सांगतच नाही. हात हलताना ‘दिसतोय’ अशी कल्पना केली तर सिग्नल कमजोर येतो. हात आतून हलताना ‘जाणवतोय’, बोटं मिटताना तळव्यात ताण येतोय, मनगट वळतंय, अशी कल्पना केली तर तो जास्त स्पष्ट येतो. पहिल्या सेशनला निराश होऊन बसलेल्या माणसाला एवढं सांगितलं तरी फरक पडू शकतो, म्हणून सूचना देणाऱ्याने ही गोष्ट आवर्जून सांगायलाच पाहिजे.

शिकताना मेंदूच्या कुठल्या भागात काय बदलतं?

सुरुवातीला मेंदूचा बराच मोठा भाग कामाला लागतो. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एपिलेप्सीच्या उपचारासाठी मेंदूच्या पृष्ठभागावर आधीच इलेक्ट्रोड बसवलेल्या ७ जणांना कर्सर चालवायला शिकवलं. कर्सरला जोडलेली जागा मोटर कॉर्टेक्समधली एकच होती, पण सुरुवातीला पुढचा प्रीफ्रंटल भाग, प्रीमोटर भाग, पॅरायटल भाग, सगळेच जास्त सक्रिय दिसले, म्हणजे माणूस लक्ष देऊन, ठरवून, चुका बघत करतोय. हात बसत गेला तशी या बाकीच्या भागांची धावपळ कमी होत गेली आणि काम आपोआप व्हायला लागलं. नवीन शारीरिक कौशल्य शिकताना मेंदूत जो प्रवास होतो तसाच हा प्रवास, फरक इतकाच की इथे स्नायू हलत नाहीत.

दुसरी महत्त्वाची जागा म्हणजे मेंदूच्या आत खोलवर असलेला स्ट्रायटम, सवयी आणि बक्षिसातून शिकण्याशी ज्याचा संबंध आहे. २०१२ मधला उंदरांवरचा प्रयोग मला फार आवडतो. उंदराच्या मोटर कॉर्टेक्समधल्या न्यूरॉनचे दोन गट केले, एक गट जास्त पेटला की स्पीकरमधला सूर चढायचा, दुसरा पेटला की उतरायचा. सूर एका ठराविक उंचीला नेला की खायच्या गोळ्या, दुसऱ्या ठराविक उंचीला नेला की साखरेचं पाणी. उंदीर काही दिवसांत हे शिकले, आणि त्यासाठी त्यांना मिशा किंवा पंजे हलवायची गरज नव्हती. आणखी म्हणजे एखादं बक्षीस आधीच पोटभर दिलं की त्या बक्षिसाचा सूर ते कमी काढायचे, म्हणजे ते जाणूनबुजून निवड करत होते. शिकताना कॉर्टेक्स आणि स्ट्रायटम यांच्यातला ताळमेळ वाढत गेला, आणि ज्या जनावरांच्या स्ट्रायटममध्ये जोडण्या बदलायला लागणारं एक रिसेप्टर जनुकीय बदल करून काढून टाकलं होतं त्यांना हे शिकताच आलं नाही.

त्यानंतर २०१८ मध्ये उंदरांवरच आणखी एक पाऊल पुढे गेलं: मोटर कॉर्टेक्समध्ये एक ठराविक पॅटर्न उमटला की लगेच डोपामिनचे (बक्षिसाचा निरोप देणाऱ्या रसायनाचे) न्यूरॉन प्रकाशाने चालू करायचे, खाऊ वगैरे काहीही द्यायचं नाही. तरी तो पॅटर्न दिवसागणिक जास्त वेळा यायला लागला. ‘आत्ता जे केलंस ते चांगलं होतं’ हा निरोप मेंदूला वेळेवर पोचला की त्याला तेवढं पुरतं.

मेंदू पूर्ण रीवायर होतो म्हणतात, खरंय का?

असं सरसकट म्हणणं चुकीचं आहे. निदान पहिल्या काही तासांत आणि दिवसांत तरी मेंदू नवीन काही बांधत बसत नाही, हाताशी जे आहे तेच नव्या कामाला लावतो.

हे फार सुंदर रीतीने दाखवलं पिट्सबर्ग विद्यापीठ आणि कार्नेगी मेलन इथल्या गटाने, २०१४ मध्ये. माकडाच्या मोटर कॉर्टेक्समधले बरेच न्यूरॉन एकाच वेळी रेकॉर्ड केले तर दिसतं की ते हवं तसं, एकमेकांपासून सुटे सुटे पेटत नाहीत. त्यांच्या हालचालीला ठराविक साचे असतात, अनेक न्यूरॉन मिळून फक्त साधारण १० स्वतंत्र दिशांमध्येच बदलतात. मग संशोधकांनी कर्सरचा नियम मुद्दाम बदलला, दोन प्रकारे. पहिल्या प्रकारात नवा नियम त्या जुन्या साच्यांच्या आत बसणारा होता, माउस हातात तिरका धरला तर जसं होईल तसं, हालचाली त्याच फक्त दिशा वेगळी. माकडं हे काही तासांत शिकली. दुसऱ्या प्रकारात नव्या नियमाला असे पॅटर्न लागत होते जे त्या साच्यांच्या बाहेरचे होते. ते त्या दिवसात जमलंच नाही, कितीही प्रयत्न केला तरी.

२०१८ मध्ये त्याच गटाने आणखी खोलात जाऊन दाखवलं की लवकर होणाऱ्या शिकण्यात पॅटर्नचा साठा तोच राहतो, फक्त कुठला पॅटर्न कुठल्या कामासाठी वापरायचा हे बदलतं. आणि २०१९ मध्ये दिसलं की सराव अनेक दिवस चालू ठेवला, नियम थोडा थोडा करत पुढे नेला, तर साच्याबाहेरचे नवे पॅटर्नसुद्धा तयार होतात. म्हणजे नवीन बांधकाम होतं, पण हळू होतं, आणि टप्प्याटप्प्याने नेलं तरच होतं. सगळ्या ट्रेनिंगवाल्यांनी हे भिंतीवर लिहून ठेवावं असं मला मनापासून वाटतं, कारण एका दिवसात जमलं नाही म्हणून माणसाला नापास करणं किती चुकीचं आहे हे यातून कळतं.

मेंदूला कळतं का की चूक कुठल्या न्यूरॉनमुळे होतेय?

थोडंफार कळतं, हेच आश्चर्य आहे. २००८ मधल्या एका प्रयोगात माकड कर्सर चालवत असताना काही मोजक्या न्यूरॉनचीच दिशा डिकोडरमध्ये फिरवली, बाकीचे तसेच ठेवले. कर्सर वाकडा जायला लागला. माकडाने मुख्यतः सगळाच नेम दुसरीकडे धरून चूक भरून काढली, जे आपण कुणीही केलं असतं, पण त्याबरोबर नेमक्या त्या फिरवलेल्या न्यूरॉनच्या वागण्यातही थोडा वेगळा बदल दिसला. लाखो पेशींमधून बिघडलेल्या मोजक्या पेशींपर्यंत मेंदू पोचतो कसा, हा प्रश्न मला तरी अजून गप्प बसू देत नाही.

मशीनपण शिकतं ना, मग कोणी जास्त शिकायचं?

यावर दोन टोकाची मतं आहेत. एक म्हणतं सगळं मशीन लर्निंगवर सोडा, माणसाला त्रास नको. दुसरं म्हणतं डिकोडर पक्का ठेवा, मेंदू शिकेल. दोन्हीकडे तथ्य आहे.

२००९ मध्ये गांगुली आणि कार्मेना यांनी माकडांवर दाखवलं की रोज तेच न्यूरॉन आणि तोच न बदलणारा डिकोडर ठेवला तर मेंदूत त्या कामाचा एक पक्का नकाशा तयार होतो. मग रोज नव्याने शिकावं लागत नाही, दिवसाच्या पहिल्या प्रयत्नापासून जमतं. इतकंच काय, एक वेगळाच, गोंधळलेला डिकोडर दिला तर माकडं तोही शिकली आणि पहिला विसरली नाहीत, दोन्ही नकाशे शेजारी शेजारी राहिले. आता याच्या उलट, डिकोडर रोज सकाळी बदलत राहिला तर? मेंदूने काल पकडलेली खूण आज चालत नाही. असा नकाशा बसायचा कसा?

पण नुसता पक्का डिकोडर ठेवूनही चालत नाही, कारण तो सुरुवातीला इतका वाईट असेल की काहीच हलत नसेल, तर मेंदूला शिकायला धागाच मिळत नाही. म्हणून मधला रस्ता: सुरुवातीला मशीनने भरभर जुळवून घ्यायचं, माणसाला थोडं यश मिळू द्यायचं, आणि मग मशीनने हळूहळू थांबायचं. २००२ मध्येच टेलर आणि श्वार्ट्झ यांच्या गटाने माकडांना असा दोघांनी मिळून शिकायचा डिकोडर देऊन तीन दिशांत कर्सर चालवायला शिकवलं होतं आणि सरावाने न्यूरॉनचा सिग्नलही सुधारला होता.

माणसांमधलं उदाहरण म्हणजे झुरिकजवळ ऑक्टोबर २०१६ मध्ये झालेली सायबॅथलॉन स्पर्धा. मानेखाली पॅरालिसिस असलेल्या स्पर्धकांनी टोपीच्या बीसीआयने स्क्रीनवरची शर्यत खेळायची होती. सुवर्णपदक जिंकणाऱ्या टीमने आपल्या दोन्ही स्पर्धकांना काही महिने ट्रेन केलं, डिकोडर ऊठसूट न बदलता फार क्वचित बदलला, आणि त्या काळात दोघांचे मेंदूचे सिग्नलच जास्त ठळक होत गेले. म्हणजे नुसतं सॉफ्टवेअर सुधारलं असं झालं नाही, माणसं सुधारली.

मग हल्लीचे बोलून दाखवणारे बीसीआय अर्ध्या तासात कसे चालतात?

कारण तिथे मेंदूला नवीन कौशल्य शिकायला सांगितलेलंच नसतं. एएलएस (स्नायू चालवणाऱ्या पेशी हळूहळू निकामी होणारा आजार) झालेल्या एका माणसावरचा २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास बघा: ५० शब्दांचा संच ३० मिनिटांच्या ट्रेनिंगनंतर ९९.६ टक्के अचूक, दुसऱ्या दिवशी १,२५,००० शब्दांचा संच ९०.२ टक्के, आणि पुढे ९७ टक्क्यांच्या आसपास. तो माणूस बोलायचा प्रयत्न करतो, जे त्याचा मेंदू लहानपणापासून करत आलाय, फक्त स्नायू साथ देत नाहीत. शिकण्याचं ओझं जवळपास सगळं मशीनवर. मेंदूला जे आधीच येतं ते वापरता आलं तर तेच वापरावं, हा त्यातला शहाणपणा आहे. पण ज्या कामाचा साचा मेंदूत आधी नाही, म्हणजे तिसरा हात चालवणं किंवा कुठलीही हालचाल मधे न आणता थेट काहीतरी नियंत्रित करणं, तिथे वरचं सगळं शिकणं परत लागू होतं.

पी३०० नावाच्या पद्धतीतही असंच आहे. स्क्रीनवर अक्षरं चमकतात, हवं ते अक्षर चमकलं की मेंदू आपोआप दचकल्यासारखा सिग्नल देतो. १९८८ पासून ही पद्धत आहे आणि तिला फारसा सराव लागत नाही.

वर्षानुवर्षं हात हललाच नाही, तर मेंदूतला हात शिल्लक राहतो का?

राहतो. हा प्रश्न विचारताना लोकांच्या आवाजात भीती असते, म्हणून स्पष्ट सांगते. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रेनगेट या अमेरिकेतल्या बीसीआय संशोधन प्रकल्पाच्या अभ्यासात एका बाईंनी स्ट्रोकनंतर जवळजवळ १५ वर्षांनी, मोटर कॉर्टेक्समधल्या ४ मिलिमीटरच्या छोट्या चौकोनी इलेक्ट्रोडच्या मदतीने रोबोटिक हाताने बाटली उचलून स्वतः कॉफी प्यायली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मणक्याच्या दुखापतीमुळे हातांना पॅरालिसिस झालेल्या एका माणसाने मनातल्या मनात अक्षरं लिहून मिनिटाला ९० अक्षरं टाइप केली, त्याची दुखापत २००७ मधली होती. अक्षराची वळणं मेंदूत तशीच होती.

पूर्वी असं शिकवलं जायचं की हात गेला की मेंदूतली त्याची जागा शेजारचे भाग बळकावतात. २०२५ मध्ये तीन जणांचे हात कापायच्या आधी आणि नंतर, पुढे ५ वर्षांपर्यंत स्कॅन करून बघितलं, तर हाताचा नकाशा जवळपास जागेवरच होता. बीसीआयची वाट बघणाऱ्यांसाठी ही फार मोठी गोष्ट आहे.

नुसतं बघून शिकणं पुरतं का? स्पर्श लागतो का?

बघून शिकता येतं, पण स्पर्श मिळाला तर फार फरक पडतो. २०२१ च्या एका अभ्यासात रोबोटिक हाताच्या बोटांना काही लागलं की वापरणाऱ्याच्या स्पर्शाच्या कॉर्टेक्समध्ये बारीक करंट देऊन त्याला ते स्वतःच्या हातात जाणवू दिलं. वस्तू उचलून ठेवायचा मधला वेळ २०.९ सेकंदांवरून १०.२ वर आला. वस्तू पकडली गेली की नाही हे डोळ्यांनी तपासत बसण्यातच आधी बराच वेळ जायचा.

झोपेचा काही संबंध आहे का?

आहे, आणि चांगलाच आहे. उंदरांमध्ये दिसलंय की बीसीआयचं काम शिकल्यानंतरच्या गाढ झोपेत त्या कामाचेच न्यूरॉन परत एकत्र पेटतात आणि त्यानंतरचं काम सुधारतं. माणसांमध्येही २०२० मध्ये ब्रेनगेटच्या दोन जणांना बीसीआयने क्रम लक्षात ठेवायचा खेळ खेळायला दिला, आणि नंतरच्या विश्रांतीत तोच क्रम मोटर कॉर्टेक्समध्ये पुन्हा उमटताना सापडला. त्यामुळे सलग चार तास रगडण्यापेक्षा थोडं करून थांबणं आणि रात्री नीट झोपणं हे माझं स्पष्ट मत.

काही जणांना जमतच नाही म्हणे?

टोपीवाल्या, कल्पनेवर चालणाऱ्या बीसीआयमध्ये १५ ते ३० टक्के लोकांना नियंत्रण मिळत नाही असं नेहमी सांगितलं जातं, आणि त्यासाठी ‘बीसीआय निरक्षर’ असा शब्दही रूढ झाला. मला तो शब्द अजिबात पटत नाही. काही जणांची म्यू लहर शांत बसल्यावरही मुळात लहान असते, काहींच्या मेंदूच्या घड्या अशा असतात की सिग्नल कवटीबाहेर नीट येत नाही, यात त्या माणसाची काय चूक? शिवाय हा आकडा बहुतेक एकदोन सेशनवरून काढलेला असतो. आणि शिकवायची पद्धत बघा, तोच बाण, तीच पट्टी, चूक झाली तर का झाली हे सांगणारं कोणी नाही. दुसरं कुठलंही कौशल्य आपण असं शिकवत नाही. २०१० च्या सुमारास बर्लिनच्या गटाने माणसाबरोबर जुळवून घेत जाणारा डिकोडर वापरला, तर आधी न जमणाऱ्या काही जणांना एकाच सेशनमध्ये जमायला लागलं.

याने माझ्या नेहमीच्या हालचाली बिघडतील का?

माकडांच्या अभ्यासात उलट दिसलंय. बीसीआय चालवताना न्यूरॉनचं वागणं बरंच बदलतं, जोडलेले न्यूरॉन पुढे येतात आणि न जोडलेले मागे सरतात, पण माकड परत स्वतःच्या हाताने काम करायला लागलं की सगळं पूर्ववत होतं. मेंदू कामाप्रमाणे गिअर बदलतो.

तरी बदल अजिबात राहत नाही असंही नाही. जर्मनीतल्या एका गटाने २०२१ मध्ये एमआरआयवर दाखवलं की एका तासाच्या बीसीआय सरावानंतरही बारीक फरक दिसतो, आणि ज्या प्रकारचा सराव त्याच्याशी संबंधित भागातच दिसतो: हालचालीची कल्पना केलेल्यांमध्ये हालचालीच्या भागात, नजरेने करायचं काम केलेल्यांमध्ये नजरेच्या भागात.

स्ट्रोकनंतर हात परत यायला याचा उपयोग होतो का?

होऊ शकतो, आणि इथे मेंदूचं बदलणं हेच औषध आहे. युक्ती अशी: माणूस हात उघडायचा प्रयत्न करतो, बीसीआय तो प्रयत्न पकडतं आणि त्याच क्षणी हाताच्या स्नायूला करंट देऊन हात खरंच उघडतं. प्रयत्न आणि परिणाम एकाच वेळी आले की मेंदू ती जोडणी मजबूत करतो. २०१८ मध्ये जुना स्ट्रोक झालेल्या २७ जणांच्या अभ्यासात, ज्यांना करंट मेंदूच्या सिग्नलशी जुळवून मिळाला त्यांची सुधारणा जास्त होती आणि ती ६ ते १२ महिने टिकली. ज्यांना करंट तेवढाच पण कधीही मिळाला त्यांना तसा फायदा झाला नाही. टायमिंग हेच सगळं. अमेरिकेत एप्रिल २०२१ मध्ये स्ट्रोकच्या पुनर्वसनासाठी बीसीआयवर चालणाऱ्या एका उपकरणाला एफडीएची (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांना मान्यता देणारी तिथली सरकारी संस्था) परवानगीही मिळाली.

फक्त अपेक्षा जपून ठेवा. हे फिजिओथेरपीच्या जोडीला असतं, तिच्याऐवजी नाही, आणि आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही सुरू करू नका.

इलेक्ट्रोड सरकले किंवा सिग्नल गेला तर शिकलेलं वाया जातं का?

सगळं नाही. आत बसवलेले इलेक्ट्रोड जरासे हलतात, आजूबाजूला जखमेसारखे पेशी जमतात, आज ऐकू आलेला न्यूरॉन उद्या येत नाही. न्यूरालिंक या बीसीआय कंपनीच्या जानेवारी २०२४ मधल्या पहिल्या रुग्णात इलेक्ट्रोडचे काही बारीक धागे मेंदूतून मागे सरकले आणि नियंत्रण घसरलं, मग कंपनीने सिग्नल वाचायची पद्धत बदलून ते परत वर आणलं. मेंदूने तयार केलेले साचे बऱ्यापैकी टिकून असतात, बदलतं ते त्यांच्याकडे बघायचं भोक. म्हणून रोजच्या बारीक बदलांशी डिकोडरने गुपचूप जुळवून घ्यावं आणि माणसाला त्याची झळ बसू नये, या दिशेने बरंच काम चालू आहे.

घरी हेडबँड घेऊन सराव करता येईल का?

करून बघायला हरकत नाही, पण एक गोष्ट तपासा. कपाळ आणि जबड्याचे स्नायू मेंदूपेक्षा कितीतरी मोठा सिग्नल देतात, आणि शिकण्याच्या सुरुवातीच्या काळात माणूस नकळत भुवया ताणून किंवा दात आवळून पट्टी हलवतो, त्याला स्वतःलाही ते कळत नाही. पट्टी हलली म्हणून आनंद होतो, पण शिकला तो जबडा. म्हणून मधूनमधून मुद्दाम दात आवळून बघा, भुवया उंचवून बघा, डोळे मिचकावून बघा. त्याने पट्टी तशीच हलत असेल तर ते यंत्र स्नायू वाचतंय. दुसरं म्हणजे इलेक्ट्रोड कुठे बसतात ते बघा, हालचालीच्या कल्पनेवर काम करायचं तर ते डोक्याच्या वरच्या मधल्या भागात, एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंतच्या रेषेच्या आसपास लागतात, नुसत्या कपाळावरच्या पट्टीने ते जमणार नाही.